हाऊसचा फणस

मी फॅनफिक्शनचे, म्हणजे मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचे, मसुदे वाचून देते. या जगात त्याला बीटा करणं म्हणतात. लिहिणाऱ्या मुली (हो, बहुतेक मुलीच) कथा पोस्ट करण्याआधी माझ्याकडे पाठवतात, मी समासात शेरे मारते, त्या दोन दिवस रुसतात, मग निम्मं ऐकतात. या मसुद्यांत मला सगळ्यात जास्त वेळा कोण भेटत असेल, तर डॉक्टर ग्रेगरी हाऊस, अवघड रोगांचं निदान करणारा, दुखऱ्या पायाने काठी टेकत चालणारा, तिरसट. 'हाऊस' ही अमेरिकन टीव्ही मालिका 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि 2012 च्या मे महिन्यात संपली. आठ सीझन, 177 भाग. संपून जमाना झाला, तरी अधूनमधून कुणीतरी ती नव्याने बघायला घेतं, रात्र रात्र जागून संपवतं आणि उठून थेट लिहायलाच बसतं.

लिहिलेलं वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे फणस येतो. वरून काटे, आत गोड गरे. फक्त सोलणारं कुणीतरी हवं, हाताला तेल लावून, धीराने. कधी तो विल्सन (त्याचा डॉक्टर मित्र) असतो, कधी कडी (हॉस्पिटलची प्रमुख), कधी कॅमरॉन (त्याच्या टीममधली डॉक्टर), आणि कधी लेखिकेनेच घडवलेली एखादी नवीन डॉक्टर, जिचे डोळे पाणीदार असतात आणि जिला हाऊसची अजिबात भीती वाटत नाही. पाच हजार शब्दांत काटे गळतात. सहाव्या हजारात तो रडतो.

त्याच्या आत दुखरं काही नाही असं माझं म्हणणं नाहीच. भरपूर आहे. माझं भांडण एवढ्यावरच आहे, की त्याचा तिरसटपणा हे साल नाही. तोच गर आहे.

परवा आलेल्या एका मसुद्यातला प्रसंग सांगते (लिहिणारीला विचारून सांगतेय). रात्रीची वेळ. हाऊसच्या घरी विल्सन येतो. हाऊस जमिनीवर बसलाय, मांडी दाबून धरलीय. "जा इथून," म्हणतो. विल्सन जात नाही. शेजारी बसतो, खांद्यावर हात ठेवतो. मोठी शांतता. मग हाऊस म्हणतो, "मला भीती वाटते, जेम्स."

समासात मी पहिलं लिहिलं ते: "जेम्स कोण?" हाऊस त्याला बहुतेक विल्सनच म्हणतो. रागात विल्सन, लाडात विल्सन, मरणाच्या दारात विल्सन. बरं, नाव सोडा. दुखतंय आणि कुणीतरी बघतंय, अशा वेळी हा माणूस करतो काय? तो समोरच्याचीच केस उघडतो. मी तिला म्हटलं, रात्री अकराला विल्सन इथे आलाच का, हे हाऊसला कळल्याशिवाय राहील का? तिने पुन्हा लिहिलं. आता हाऊस जमिनीवरूनच विल्सनच्या शर्टाकडे बघतो. घडी सकाळची आहे, म्हणजे हा ऑफिसातून घरी गेलेलाच नाही. दोन प्रश्नांत विल्सनचं बायकोशी वाजलंय हे बाहेर काढतो आणि मग त्यावरून त्याला छळतो. विल्सन वैतागतो, पण उठत नाही. मांडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. प्रसंग पहिल्यापेक्षा छोटा झाला, आणि वाचताना मला पहिल्यांदाच त्या दोघांच्या मैत्रीवर विश्वास बसला.

या कथांचं सूत्र एका ओळीत मांडता येतं. पाय दुखतो म्हणून गोळ्या, गोळ्या आणि दुखणं म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून एकटेपणा. कुणी प्रेम केलं की साखळी उलटी फिरते आणि माणूस सुधारतो. छान सूत्र आहे. फक्त मालिकेने ते स्वतःच तपासून मोडीत काढलंय. दुसऱ्या सीझनच्या शेवटी हाऊसला गोळी लागते, त्याच्यावर केटामाइनचा उपचार होतो, आणि तिसरा सीझन उघडतो तो धावणाऱ्या हाऊसवर. काठी नाही, दुखणं नाही. लंगडा गेला, घामाने निथळणारा माणूस आला. मग स्वभाव बदलला का? थोडा सैलावला, हसला, पेशंटच्या नातेवाइकांशी नीट बोलूनही बघितलं. पण व्हीलचेअरवरचा एक माणूस, आठ वर्षांपूर्वी मेंदूच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेला, ना हलत ना बोलत, त्याची केस काही याच्या डोक्यातून जाईना. एकदा तर मध्यरात्री कडीच्या घरी जाऊन थडकला. पुरावा काही नाही, नुसता अंदाज, की याला अ‍ॅडिसन्स (शरीरात कॉर्टिसॉल कमी पडण्याचा आजार) असेल, कॉर्टिसॉल देऊन बघा. कडीने नाही म्हटलं. मग तिनेच गुपचूप इंजेक्शन दिलं, आणि तो माणूस उठून उभा राहिला.

आणि हे हाऊसला सांगायचं नाही, असं विल्सनने ठरवलं. का? याला जरा नम्रता शिकू दे म्हणून.

मला हा भाग पूर्ण मालिकेची किल्ली वाटतो, आणि फॅनफिक्शनमध्ये तो जवळजवळ नसतोच. कारण सरळ आहे. वेदना काढून घेतल्यावरही जे उरतं ते तेच आहे: कोडं सुटेपर्यंत दुसऱ्याच्या झोपेची, मानाची, दुःखाची पर्वा नसलेला माणूस. स्टेसी, त्याची जुनी जोडीदार, तो कोमात असताना जिने त्याच्या पायाचा निर्णय घेतला ती, तिला कॅमरॉन एकदा विचारते की पायाआधी हा कसा होता. उत्तर येतं, साधारण असाच. एवढंच. मालिकेने हे इतकं सरळ सांगून ठेवलंय, तरी आपण दुखऱ्या मांडीला सगळ्याची आई करतो.

हाऊसच्या घराचा नंबर शेरलॉक होम्सच्या घरासारखाच 221 बी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. होम्स-हाऊस, वॉट्सन-विल्सन ही जोडीही पाठ असते. पण या साम्याचा अर्थ घरनंबरापुढे जात नाही. केस नसली की होम्स काय करतो ते आठवा: कोकेन टोचून घेतो. कंटाळा या जातीच्या माणसांना छळतो. हाऊसच्या व्हिकोडिनमध्ये, म्हणजे त्या वेदनाशामक गोळ्यांमध्ये, दुखणं आहे, व्यसन आहे, आणि रिकामी दुपारही आहे. रिकाम्या दुपारवर हर्ट-कम्फर्ट (एकाला दुखतं, दुसरा जवळ घेतो, या जातीची कथा) लिहिता येत नाही. पांघरूण कशावर घालणार?

मला आवडणारा पुरावा मात्र दुसराच आहे. दुसऱ्या सीझनचा दुसरा भाग. अँडी नावाची नऊ वर्षांची मुलगी, कॅन्सर, बरं व्हायची आशा नाही; फार तर वर्षभर. शूर मुलगी. सगळं हॉस्पिटल तिच्या शौर्यावर फिदा. एकटा हाऊस म्हणतो, नऊ वर्षांचं पोर मरणाला घाबरत नाही हे लक्षण असू शकतं. भीती जिथे असते त्या मेंदूच्या भागावर काहीतरी दाबत असेल. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. इतकं हलकट बोलणं! पण बघा, त्याच्या दृष्टीने हे हलकट नाहीच. सगळे जिथे टाळ्या वाजवतायत तिथे तो कारण विचारतोय, बाकी काही नाही. पुढे मेंदूत रक्ताची गुठळी सापडते, पण त्या भागाजवळ नाही. म्हणजे मुलगी खरोखरच शूर. हाऊस चुकला.

आणि त्याच भागात तो त्या मुलीला एकटीला गाठून विचारतो, तुला खरंच हे सगळं आणखी वर्षभर सोसायचंय का. नको असेल तर तसं सांग, तुझ्या आईला मी समजावेन. सांगण्याचा सारांश असा, की आईसाठी जगत असशील तर तसं करायची सक्ती नाही. मुलगी सांगते की आईला सोडून तिला जायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारायला दुसरा कुठलाही सभ्य डॉक्टर धजला नसता. हा उद्धटपणा की आदर? मला वेगळं करून दाखवता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांनाही येऊ नये असं वाटतं. सगळे तिच्याशी शूर मुलीशी बोलतात तसे बोलत होते. हा एकटाच तिच्याशी मरणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

ती घरी जाताना सगळा स्टाफ टाळ्या वाजवत उभा असतो. ती हाऊसला मिठी मारते. तो अवघडतो. बाहेर ऊन पडलंय, फिरून ये, असं ती त्याला सांगते. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत इथे त्याचे डोळे भरून येतात, तो तिच्या केसांवरून हात फिरवतो, कॅमरॉन लांबून बघत असते. मालिकेत? तो जाऊन मोटरसायकलवर बसून बघतो. मुलीचं त्याने ऐकलं की नाही? ऐकलं. त्याच्या पद्धतीने, तिला न कळता, आणि हृदयपरिवर्तनाची पावती न देता.

आता असं का होतं, तर माझ्या मते मोठा दोष हाऊसचं काम करणाऱ्या ह्यू लॉरीचा आहे. पडद्यावर त्याचा चेहरा असतो. तो अत्यंत घाणेरडं वाक्य बोलतो आणि बोलून झाल्यावर अर्धा सेकंद डोळ्यांत काहीतरी हलतं. तो अर्धा सेकंद बघूनच बाया लिहायला बसतात. पण कागदावर चेहरा नसतो. मग जे डोळ्यांत हललं ते तोंडातून वदवून घ्यावं लागतं, आणि वदवलं की हाऊस मेला. डोळ्यांचा निळा रंग सांगून हे भागत नाही. (एका मसुद्यात निळे डोळे इतक्या वेळा आले होते की मी फाइंड करून आकडा तिला कळवला. ती आठवडाभर बोलली नाही.) यावर माझा साधा उपाय असतो: मऊपणा हाऊसच्या वाक्यात घालू नका, समोरच्याच्या प्रतिक्रियेत घाला. समोरच्याला लागलं पाहिजे, आणि लागूनही त्याने थांबलं पाहिजे.

या उलट्या टोकाचे लेखकही असतात. त्यांचा हाऊस शिव्यांचं यंत्र. दारातून आला की टीममधल्या तिघांना शिव्या: कॅमरॉनला एक, चेसला दोन, फोरमनला तीन. विनोद बरे असतात, पण ते कुणालाही म्हणता येतील असे असतात, आणि हाऊसचा अपमान कुणालाही म्हणता येत नाही. त्यात माहिती असते. फोरमनला नोकरी दिली ती पोरवयात त्याने घर फोडलं होतं म्हणून, हे तो तोंडावर सांगतो. कुलूपबंद घरांत शिरून पेशंटचं खोटं उघडं पाडायला असाच माणूस हवा. कॅमरॉनला सांगतो की तू सुंदर आहेस म्हणून घेतलं, आणि ते ऐकून ती पेटते तेव्हा पुढचं पान उलटतो: इतक्या सुंदर मुलीला आयुष्य आयतं मिळालं असतं, तरी ती मेडिकलला मरमर अभ्यास करते, म्हणजे आत काहीतरी मोडलेलं आहे. बाईबद्दल असं बोलणं ओंगळच आहे, त्यात सारवासारव नको. पण ते निरीक्षण आहे, आणि पुढे खरंही निघतं. शिव्यांच्या यंत्राकडे निरीक्षण नसतं.

शिवाय या कथांतला हाऊस कधी चुकत नाही. पेशंटकडे बघितलं न बघितलं की निदान. हे दवाखान्यातल्या सर्दी-खोकल्याच्या पेशंटांबाबत बरोबर आहे, तिथे तो नजरेनेच ओळखतो. मुख्य केसमध्ये मात्र तो भागागणिक दोन-तीनदा तरी आपटतो. चुकीचं औषध, पेशंट कोसळतो, पांढऱ्या फळ्यावरचं एक लक्षण खोडलं जातं, पुन्हा पहिल्यापासून. त्याला भांडणारी माणसं लागतात ती याचसाठी. तो टीमला डिवचतो कारण डिवचल्यावर त्या तिघांतलं कुणीतरी हट्टाने उलट बोलतं, आणि त्या उलट बोलण्यात उत्तर सापडतं. होयबा त्याच्या काही उपयोगाचे नाहीत. (आणि हो, टीम सारखी ल्युपस या आजाराचा संशय घेते, पण तो नसतो. चौथ्या सीझनमध्ये एकदाच असतो, जादूगाराला.)

पण माझा खरा त्रास फणसवाल्यांशीच आहे, कारण फणस केला की त्याने केलेली इजा पुसली जाते. त्याच्या नंतरच्या टीममधल्या कटनरचंच घ्या. पाचव्या सीझनमध्ये कटनर आत्महत्या करतो, मागे काही न ठेवता. यावर लिहिलेल्या कथांत हाऊस पियानोपाशी बसून रडतो. मालिकेत तो कटनरच्या दत्तक आईवडिलांसमोर उभा राहतो, नुकतंच पोर गेलेल्या त्या दोघांना सांगतो की तुम्ही त्याचं मूळ नाव काढून आपलं नाव दिलंत, त्याला धड इथला ठेवला नाहीत ना तिथला. त्याला चौधरीचा कटनर झाला ही गोष्ट हवी होती, कारण कारण हवं होतं. कारण सापडेना म्हणजे आपल्याला दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, आणि हे त्याला सोसत नव्हतं. हेच त्याचं दुःख. पण ते दुःख त्या आईबापांच्या अंगावर सांडलं, आणि त्यांना कुणी पांघरूण घालायला आलं नाही. सातव्या सीझनच्या शेवटी त्याने कडीच्या घरात गाडी घातली, त्याचंही तेच. काही जणी तो भागच घडला नाही असं धरून चालतात. काही जणी तो इतका दुखावला होता म्हणून समजून घेतात. कडीने समजून घ्यावं अशीही एक कथा माझ्याकडे आली होती. मी ती परत पाठवली.

बापाच्या छळाचं तर पीकच आहे. तिसऱ्या सीझनमध्ये बलात्कार झालेली एक तरुणी हट्ट धरते की मला याच्याशीच बोलायचंय, आणि बोलता बोलता तो सांगतो की लहानपणी त्याला बर्फाच्या पाण्यात बसवत, अंगणात झोपवत. आधी आजीवर ढकलतो, मग बापाचं नाव घेतो. एवढं उचलून किती कथा लिहिल्या गेल्या! पण त्या भागाच्या शेवटी ती बोलल्याने तिचं काही भलं झालं का, की आपण फक्त एका मुलीला रडवलं, अशी शंका हाऊस काढतो. ती शंका कुणी उचलत नाही. दुःख सांगितलं की हलकं होतं यावर फॅनफिक्शनचा सगळा धंदा उभा आहे, आणि हा माणूस त्याच पायावर बोट ठेवतो.

विल्सनला संत करणं हा याचाच जोडधंदा. तीन लग्नं मोडलेला, मित्राच्या कॉफीत त्याला न सांगता डिप्रेशनची औषधं घालणारा, गरजू माणूस दिसला की चिकटणारा विल्सन कथांत गरम सूप होऊन जातो. सूपाबरोबर भांडता येत नाही.

लोकांना फणस का हवा असतो, तेही मला कळतं. घरात किंवा ऑफिसात कुणीतरी वर्षानुवर्षं आपल्यावर खेकसलेलं असतं. त्या खेकसण्याच्या मागे प्रेम होतं असं ठरलं तर बरं वाटतं. म्हणून हाऊसकडून ते वदवून घ्यायचं. अशी कथा आली की मी शेरे कमी मारते. कुणाची बाकी कुणाकडून वसूल होतेय ते वाचताना कळतं.

सध्या माझ्याकडे एक मोठी कथा आहे, 'ते पाच महिने' या जातीची. शेवटच्या भागात विल्सनच्या हातात पाच महिने असतात, आणि हाऊसला सहा महिन्यांसाठी पुन्हा तुरुंगात जायचं असतं, कारण तिकिटं संडासात टाकून पाइप तुंबवले आणि एमआरआयची वाट लावली. म्हणून तो स्वतःच्या मरणाचा बनाव करतो आणि दोघं मोटरसायकलींवर निघतात. लिहिणारीने याला निव्वळ त्याग म्हटलंय. त्याग आहेच. तुरुंगही चुकलाय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि हाऊस पहिल्याबद्दल गप्प बसेल, दुसऱ्याबद्दल फुशारकी मारेल. तिच्या पहिल्या प्रकरणात सूर्यास्त आहेत, समुद्र आहे, मिठ्या आहेत. समासात मी लिहून पाठवलंय: "पेट्रोलचे पैसे कोण देतंय? हाऊस कागदोपत्री मेलाय, म्हणजे कार्ड विल्सनचं. मरणाऱ्या माणसाच्या पैशांवर हा पाच महिने फिरणार आणि प्रत्येक पंपावर त्यावरून विनोद करणार. ते विनोद आधी लिही. समुद्र नंतर बघू."